आयत्या स्टेप्सचं ओझं: कुकंबर-रेल्समधल्या एका फाइलचं प्रकरण

"ही फाइल खोडून टाका." एखाद्या सॉफ्टवेअरने स्वतःच तयार करून दिलेल्या फाइलच्या माथ्यावर असं वाक्य सहसा दिसत नाही. कुकंबर-रेल्सच्या २०११ मधल्या आवृत्त्यांमध्ये ते होतं, तेही इंग्रजी मोठ्या अक्षरांत. कुकंबर म्हणजे सॉफ्टवेअरने कसं वागायला हवं ते साध्या वाक्यांत लिहून तपासायचं साधन. असं एक वाक्य म्हणजे स्टेप, अशा वाक्यांची फाइल म्हणजे फीचर. रेल्स (रूबी भाषेत वेबसाइट बांधायची चौकट) वापरणाऱ्या प्रकल्पात कुकंबर बसवलं की स्टेप्सच्या फोल्डरमध्ये 'वेब स्टेप्स' नावाची रूबी फाइल आपोआप येऊन बसायची. ती उघडली की पहिल्याच ओळीत ती स्वतःला काढून टाकायला सांगायची. खाली कारणही दिलेलं होतं: या स्टेप्सच्या भरवशावर फीचर लिहिलीत तर ती सांभाळायला अवघड आणि वाचायला लांबलचक होतील. त्याच वर्षी १.१.० या आवृत्तीपासून ही फाइल देणंच बंद झालं.

स्टेप्स पुन्हा वापरण्यावरून टीममध्ये वाद निघाला की मी हेच प्रकरण सांगते. वाद नेहमी एकाच वळणावर येतो. कोणीतरी म्हणतं, "हीच स्टेप आधी लिहिलेली आहे, तीच वापर ना." सल्ला रास्त असतो, कारण एकच काम दोनदा लिहू नये हे आपण पहिल्या नोकरीतच शिकलेलो असतो. पण वर्तनाधारित टेस्टिंगमध्ये पुन्हा वापरण्यासारख्या दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात: वर लिहिलेलं वाक्य आणि त्याच्या खाली चालणारा कोड. या फाइलने वाक्य पुन्हा वापरायला दिलं. पुढे जे झालं ते सगळं त्यातून झालं.

आधी थोडी मागची हकिकत

वर्तनाधारित विकासाची, म्हणजे बीडीडीची, मांडणी डॅन नॉर्थ यांनी २००३ च्या सुमारास जे-बिहेव्ह हे साधन लिहिताना सुरू केली आणि २००६ मध्ये लेखातून ती लोकांपुढे ठेवली. 'टेस्ट' हा शब्द ऐकला की माणूस तपासणीचा विचार करतो, 'वर्तन' म्हटलं की सॉफ्टवेअरने काय करायला हवं याचा विचार करतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. गिव्हन, व्हेन, देन (दिलेली परिस्थिती, कृती, अपेक्षित परिणाम) ही तीन पायऱ्यांची रचना त्यांनी ख्रिस मॅट्स यांच्याबरोबर बसवली. रूबीच्या जगात ही कल्पना आधी आर-स्पेक या टेस्टिंग साधनाच्या स्टोरी रनरमध्ये आली. २००८ मध्ये अस्लाक हेलेसॉय यांनी तो नव्याने लिहिला आणि त्याचं नाव कुकंबर ठेवलं.

कुकंबरमध्ये फीचर फाइल गर्किन नावाच्या साध्या भाषेत असते. प्रत्येक ओळ म्हणजे एक स्टेप. त्या ओळीला जुळणारा नमुना कोडमध्ये शोधला जातो आणि तो सापडला की त्याच्याखालचा कोड चालतो. इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात, नाहीतर पुढचं प्रकरण समजणार नाही. पहिली, कुकंबरमध्ये सगळ्या स्टेप्स सार्वत्रिक असतात. तुम्ही त्या कोणत्याही फाइलमध्ये ठेवा, प्रत्येक फीचरला त्या सगळ्या दिसतात. दुसरी, जुळवाजुळव करताना ओळीच्या सुरुवातीचा गिव्हन किंवा देन बघितला जात नाही, फक्त पुढचं वाक्य बघितलं जातं. (डॉटनेटमधल्या स्पेकफ्लोमध्ये मात्र तो बघितला जातो.) म्हणजे प्रकल्पातलं प्रत्येक वाक्य एकाच मोठ्या हौदात पडतं. त्या हौदात तुम्ही काय टाकता याला म्हणूनच महत्त्व आहे.

फाइलमध्ये काय होतं

वेब स्टेप्समध्ये ब्राउझरमध्ये करता येणाऱ्या जवळपास प्रत्येक क्रियेसाठी एक वाक्य होतं. पानावर जाणं, लिंकवर जाणं, बटण दाबणं, रकाना भरणं, यादीतून निवडणं, चौकटीत खूण करणं, फाइल जोडणं, अमुक मजकूर दिसायला हवा, अमुक दिसता कामा नये. प्रत्येक वाक्याखाली जेमतेम दोन-चार ओळींचा कोड, जो ब्राउझर चालवणाऱ्या लायब्ररीची, आधी वेबरॅटची आणि नंतर कॅपिबाराची, तीच क्रिया बोलावायचा. सोबत 'पाथ्स' नावाची आणखी एक फाइल यायची. 'होम पेज' असं म्हटलं की कोणत्या पत्त्यावर जायचं याची नोंद त्यात असायची.

एक स्टेप जवळून पाहू. बटण दाबायच्या स्टेपचा नमुना असा रचलेला होता की वाक्याच्या सुरुवातीचा 'आय' (मी) असला तरी चालेल आणि नसला तरी चालेल. त्यामुळे 'व्हेन आय प्रेस' हेही जुळायचं आणि 'अँड प्रेस' हेही. पुढे अवतरणचिन्हांत बटणाचं नाव, आणि ते नाव तसंच्या तसं कॅपिबाराच्या बटण दाबणाऱ्या पद्धतीच्या (मेथडच्या) हाती जायचं. बस. कारागिरी म्हणून हे सुबक आहे. ज्याने लिहिलं त्याने वाक्य कानाला बरं लागावं याचाही विचार केला होता.

फायदाही खरा होता. नवीन माणूस एक ओळही कोड न लिहिता पहिल्या दुपारी चालणारी टेस्ट लिहू शकायचा. शिवाय रेल्सची मंडळी वेबरॅटवरून कॅपिबारावर वळली, तेव्हा फाइलमधली वाक्यं तीच राहिली, फक्त खालचा कोड बदलला. ज्यांनी हीच वाक्यं वापरली होती त्यांच्या फीचर फाइलना त्या बदलात फारसा हात लावावा लागला नाही. पुनर्वापराच्या बाजूचा इतका चांगला पुरावा मी दुसरा पाहिलेला नाही, म्हणून तो इथे सांगायलाच हवा.

मग बिघडलं कुठे?

समजा एका सार्वजनिक वाचनालयासाठी सॉफ्टवेअर लिहायचं आहे. नियम साधा: सभासदाकडे मुदत उलटलेलं पुस्तक असेल तर त्याला नवं पुस्तक द्यायचं नाही. आयत्या स्टेप्स वापरून हा नियम असा लिहिला जायचा (वाक्यं मराठीत करून देते):

मी "लॉगिन" पानावर जातो
आणि मी "सभासद क्रमांक" मध्ये "४१२" भरतो
आणि मी "पासवर्ड" मध्ये "गुप्त" भरतो
आणि मी "आत या" हे बटण दाबतो
आणि मी "पुस्तकं" या लिंकवर जातो
आणि मी "नाव" मध्ये "घरगुती पाककृती" भरतो
आणि मी "शोधा" हे बटण दाबतो
आणि मी "घरी न्या" या लिंकवर जातो
तर मला "आधीचं पुस्तक परत करा" असं दिसायला हवं

या नऊ ओळींत नियम कुठे आहे ते शोधून पाहा. मुदत उलटलेल्या पुस्तकाचा उल्लेखच नाही! तो ४१२ क्रमांकाच्या सभासदाच्या नमुना डेटात कुठेतरी दडलेला आहे. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंना ही फाइल दाखवली तर त्या पहिल्या चार ओळींनंतर वाचणं सोडतील आणि ते बरोबरच असेल. त्यांचा व्यवहार यात कुठेच नाही. यात फक्त बोटांच्या हालचाली आहेत.

आता "आत या" या बटणाचं नाव "प्रवेश" झालं असं समजा. कोडमधली स्टेप शाबूत आहे, ती सर्वांसाठी एकच आहे, पुनर्वापर शंभर टक्के. आणि तरीही लॉगिन करणारी प्रत्येक फीचर फाइल मोडली, कारण बटणाचं नाव स्टेपमध्ये नव्हतंच, ते प्रत्येक वाक्यात होतं. कोडमधली पुनरुक्ती गेली होती हे खरं, पण ती फीचर फाइलमध्ये जाऊन बसली होती. तिथे तर ती आवरायला पद्धती, वर्ग, वारसा असलं काहीच हाताशी नसतं.

तपासणीच्या बाजूने नुकसान आणखी मोठं होतं आणि त्याची चर्चा मात्र कमी होते. "मला "५" दिसायला हवं" ही स्टेप पानावरच्या मजकुरात कुठेही ५ सापडला की पास होते. सभासदाकडे १५ पुस्तकं दाखवली तरी पास, तळाशी दूरध्वनी क्रमांकात ५ असला तरी पास. "मला "चूक" दिसता कामा नये" ही स्टेप तर पान संपूर्ण कोरं आलं तरी खुशाल हिरवी होते. जी स्टेप सगळ्यांना चालावी म्हणून लिहिली जाते, तिला कोणाच्याच व्यवहारातलं काही ठाऊक नसतं. म्हणून ती काही नीट तपासूही शकत नाही. ग्रंथपालांना विचारलं तर त्या सांगतील की नोंदवहीत पुस्तक सभासदाच्या नावावर चढता कामा नये. ते या स्टेपला विचारताच येत नाही.

'विदिन'ची गोष्ट

या फाइलमधला एक प्रकार मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. पानाच्या ठराविक भागातच बटण शोधायचं असेल तर? त्यासाठी एक सर्वसमावेशक स्टेप होती. तिचा नमुना म्हणायचा: आधी काहीही, मग 'विदिन' ('च्या आत') हा शब्द, मग पुन्हा काहीही. पहिलं 'काहीही' ही स्वतःच एक स्टेप आहे असं धरून तो ती आतून बोलवायचा, पण पानाच्या त्या भागापुरती. म्हणजे एका स्टेपला प्रत्येक स्टेपची मर्यादित आवृत्ती मिळायची. पुनर्वापराची याहून पुढची पायरी नाही.

पण इंग्रजीत 'विदिन' हा रोजच्या वापरातला शब्द आहे. 'सात दिवसांच्या आत पैसे परत मिळतात' असं वाक्य इंग्रजीत लिहिलं की त्यातही तो येतो. तुम्ही तुमच्या व्यवहाराची अशी स्टेप लिहिलीत की ते वाक्य दोन नमुन्यांना जुळायचं, तुमच्या आणि फाइलमधल्या. कुकंबर अशा वेळी कोणतीही एक निवडत नाही, संदिग्ध स्टेप म्हणून थांबतो. तुमची काहीच चूक नसते. ज्या फाइलकडे तुम्ही कधी ढुंकूनही पाहिलं नाही तिने भाषेतला एक शब्द स्वतःच्या नावावर करून ठेवलेला असतो. सार्वत्रिक हौदात इतका रुंद नमुना टाकला की प्रत्येकाच्या वाक्यरचनेवर त्याची बंधनं येतात.

स्टेपमधून स्टेप

नऊ ओळी कंटाळवाण्या आहेत हे टीम्सना लवकरच कळलं. तेव्हा हाताशी जो उपाय होता तो म्हणजे स्टेपच्या आतून दुसऱ्या स्टेप्स वाक्यानेच बोलवायच्या. रूबीच्या कुकंबरमध्ये ती सोय होती. पायथनच्या बिहेव्हमध्येही तशी आहे. 'सभासद आत आलेला आहे' अशी नवी स्टेप लिहायची आणि तिच्या पोटात लॉगिनची चारही वाक्यं जशीच्या तशी ठेवायची. वरून पाहिलं तर फीचर फाइल एकदम स्वच्छ होते, म्हणून हा मार्ग फार आवडता झाला.

मात्र आतला खर्च बघा. एक पद्धत दुसरीला बोलावते तेव्हा नाव चुकलं तर संपादकच सांगतो. इथे वाक्य हे नुसतं वाक्य असतं. त्यात एक स्वल्पविराम चुकला तरी ते कळतं टेस्ट चालवल्यावर, तेही तेवढी स्टेप चालली तरच. कोणी मूळ वाक्य बदललं की त्याला हे माहीत नसतं की आणखी सहा स्टेप्सच्या पोटात ते लपलेलं आहे. टेस्ट पडली की चुकीचा माग वाक्यातून नमुन्यात, नमुन्यातून पुन्हा वाक्यात असा फिरत राहतो. शिवाय एका स्टेपने दुसरीला काही द्यायचं असेल तर ते परत करता येत नाही, सिनारिओभर (म्हणजे एका प्रसंगाच्या टेस्टभर) जगणाऱ्या सामायिक चलांत ठेवून द्यावं लागतं. कोणती स्टेप कोणत्या चलावर विसंबून आहे हे कुठेच लिहिलेलं नसतं. मी अशा थरांवर थर असलेला संच हाताळला आहे. त्यात एक स्टेप वेगळी काढून घेतली की कुठलं तरी चल रिकामं निघायचं. मग ते भरणारी स्टेप कोणत्या थरात आहे ते शोधण्यात दुपार जायची. तिथे काम करणारे लोक आळशी नव्हते. उलट पुनरुक्ती होऊ नये म्हणून त्यांनी जीव तोडून मेहनत घेतली होती, हे आजही मला लागून राहिलं आहे.

जावासाठीच्या कुकंबरने स्टेपमधून वाक्याने स्टेप बोलवायची सोय दिलीच नाही. त्याबद्दल कुरकुर करणारे खूप भेटतात. मला ती कुकंबर-जेव्हीएमची सगळ्यात चांगली गोष्ट वाटते.

फाइल गेली

फाइलच्या माथ्यावरच्या सूचनेत तीन लेखांकडे बोट दाखवलेलं होतं. बेन मेबी यांचा आज्ञार्थी (कसं करायचं ते सांगणाऱ्या) आणि विधानात्मक (काय घडतं ते सांगणाऱ्या) सिनारिओंमधल्या फरकावरचा लेख, कॅपिबाराचे कर्ते योनास निकलस यांचा 'तुम्ही कुकंबर चुकीचं वापरताय' अशा आशयाचा लेख, आणि डॅन नॉर्थ यांचा 'हे नक्की कोणाचं क्षेत्र?' असं विचारणारा लेख. म्हणजे ब्राउझर चालवणारी लायब्ररी ज्याने लिहिली तोच सांगत होता की ब्राउझरची भाषा फीचरमध्ये आणू नका. मग १.१.० मध्ये फाइल गेली. हेलेसॉय यांनी त्या वेळी लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकात सायकलच्या आधाराची चाकं निघाल्याचं म्हटलं होतं.

ज्यांच्या शेकडो ओळी त्या फाइलवर उभ्या होत्या त्यांच्या प्रकल्पात ती फाइल आधीच कॉपी झालेली होती, त्यामुळे जुनी फीचर लगेच मोडली नाहीत. अडचण आली ती नव्याने सुरुवात करणाऱ्यांची. जुनी शिकवणी उघडावी, त्यातली स्टेप लिहावी आणि कुकंबरने 'अशी स्टेप नाही' म्हणावं. मागणी इतकी राहिली की ती फाइल परत आणून देणारं 'ट्रेनिंग व्हील्स' (आधाराची चाकं) नावाचं वेगळं जेम, म्हणजे रूबीचं पॅकेज, तेही निघालं.

फाइल काढणं योग्यच होतं असं माझं ठाम मत आहे. पण ज्या नवशिक्याला ती वाक्यं हवी होती त्याच्या हाती दुसरं काही दिलं गेलं नाही, हेही तितकंच खरं. तीन लेखांचे दुवे म्हणजे शिकवणी नव्हे. पहिल्या दुपारी चालणारी टेस्ट दिसली म्हणून माणूस टिकतो, हे मी नव्या मुलांना शिकवताना दरवेळी पाहते. त्यामुळे आजही मी त्यांना पहिल्या दिवशी कॅपिबाराच्या किंवा सेलेनियम या तशाच साधनाच्या पद्धती थेट वापरायला देते, स्टेप्सच्या बाहेर, नुसत्या कोडमध्ये. वाक्यं दुसऱ्या दिवशी.

वाक्य वर, काम खाली

वाचनालयाचा नियम पुन्हा लिहू.

दिलेल्या प्रमाणे सभासदाकडे मुदत उलटलेलं एक पुस्तक आहे
जेव्हा तो दुसरं पुस्तक मागतो
तेव्हा त्याला नवं पुस्तक मिळत नाही
आणि आधीचं पुस्तक परत करायची सूचना मिळते

लॉगिन, बटणं, रकाने गेले कुठे? खाली, साध्या पद्धतींमध्ये. 'आत ये', 'पुस्तक माग', 'नोंदवही पाहा' अशा नावाच्या पद्धती एका मॉड्यूलमध्ये ठेवायच्या आणि रूबीत ते मॉड्यूल 'वर्ल्ड'ला जोडून द्यायचं. वर्ल्ड म्हणजे प्रत्येक सिनारिओसाठी नव्याने तयार होणारी वस्तू, जिच्या अंगणात सगळ्या स्टेप्स चालतात. जावात हेच काम साधे वर्ग आणि पिकोकंटेनरसारखी डिपेंडन्सी इंजेक्शनची (लागणाऱ्या वस्तू बाहेरून पुरवण्याची) सोय करते. प्रत्येक स्टेप मग एका-दोन ओळींची राहते: वाक्यातून मूल्य काढायचं आणि पद्धत बोलवायची. बटणाचं नाव बदललं तर एक पद्धत बदलते, फीचर फाइलला कळतही नाही.

इथे पुनर्वापर आधीपेक्षा जास्तच होतो. 'पुस्तक माग' ही एकच पद्धत मुदतीच्या नियमासाठी, सभासदत्व संपल्याच्या नियमासाठी, राखीव पुस्तकाच्या नियमासाठी चालते. फक्त तो पुनर्वापर अशा जागी होतो जिथे नाव बदलायची, माग काढायची, मूल्य परत द्यायची साधनं आहेत. 'पुस्तक माग' ब्राउझरमधून जाईल की थेट सर्व्हरशी बोलेल, हेही खालीच ठरवता येतं. मुदत उलटलेलं पुस्तक 'असणं' ही तर परिस्थिती आहे, ती उभी करायला पान उघडायची गरजच नाही. डेटाबेसमध्ये एक नोंद घातली की झालं. नऊ ओळींच्या आवृत्तीत हा विचार सुचलाच नसता, कारण तिथे प्रत्येक ओळ बोट कुठे ठेवायचं तेच सांगत होती.

याचा अर्थ वाक्य कधीच पुन्हा वापरू नये असा घेऊ नका. 'सभासदाकडे मुदत उलटलेलं पुस्तक आहे' हे वाक्य पाच फीचरमध्ये आलं तर छानच, कारण पाचही ठिकाणी त्याचा अर्थ एकच आहे आणि वाचनालयातले लोकही ते असंच बोलतात. उलट टोकाची चूकही मी पाहिली आहे: प्रत्येक फीचरसाठी वेगळी स्टेप फाइल करायची आणि तिथेच सगळं बंदिस्त ठेवायचं. कुकंबरच्या अधिकृत मार्गदर्शनात फीचरला जखडलेल्या स्टेप्स हा दोष म्हणूनच नोंदवलेला आहे. 'परतावा', 'वर्गणी', 'राखीव नोंद' अशा व्यवहारातल्या संकल्पनांनुसार फाइली केल्या की स्टेप सापडते. संच फोफावला असेल तर कुकंबरच्या वापर-अहवालातून कोणती स्टेप किती ठिकाणी वापरली आहे आणि कोणती कुठेच नाही ते दिसतं. माझी सवय अशी की सगळ्यात जास्त वापरलेल्या स्टेपकडे आधी बघायचं. ती 'बटण दाबतो' निघाली तर काम कुठून सुरू करायचं ते कळतं.

मराठीत हेच

वरचा दुसरा सिनारिओ मी मुद्दाम 'दिलेल्या प्रमाणे', 'जेव्हा', 'तेव्हा' असा लिहिला. ते माझं भाषांतर नाही. गर्किनला सत्तरच्या आसपास भाषा येतात आणि त्यांत मराठी आहे. फाइलच्या पहिल्या ओळीत भाषेचा संकेत मराठी असा दिला की 'वैशिष्ट्य' किंवा 'सुविधा', 'पार्श्वभूमी', 'परिदृश्य', 'जेव्हा', 'मग', 'तसेच', 'परंतु' हे शब्द कुकंबरला समजतात. ग्रंथपाल बाईंनी खरोखर वाचावी अशी फीचर फाइल लिहायची असेल तर मला हाच मार्ग दिसतो, आणि तो मराठी टीम्सनी अजून पुरता चाचपून पाहिलेला नाही असं वाटतं.

अडचणी येतात. विभक्ती लागली की नाम बदलतं, 'शाखा'चं 'शाखेत' होतं, त्यामुळे अवतरणचिन्हांतलं मूल्य आणि डेटातलं नाव जुळत नाही. यावर आपल्याच भाषेतली जुनी सोय कामी येते: "कोथरूड" या शाखेत, "बाल" या विभागातून. मूल्य मूळ रूपात राहतं, विभक्ती शेजारचं नाम उचलतं. आकड्यांचं वेगळंच. पायथनमध्ये नमुन्यातला अंकाचा संकेत देवनागरी ५ ओळखतो आणि त्याचा पूर्णांकही करून देतो. जावा मूळ स्वरूपात फक्त इंग्रजी अंक ओळखते, तिथे स्वतःचा पॅरामीटर प्रकार (वाक्यातलं मूल्य ओळखायचा नियम) लिहावा लागतो.

आणि 'दुसऱ्या' हा शब्द! 'सभासद दुसऱ्या शाखेत पुस्तक परत करतो' हे वाक्य फीचरमध्ये आहे, अगदी तेच कोडमध्ये आहे, आणि कुकंबर म्हणतो स्टेप नाही. डोळ्यांना दोन्ही ओळी एकसारख्या. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो: एक, ऱ हे वेगळं अक्षर आणि हलन्त. दोन, नेहमीचा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. एकाने एका कीबोर्डवर टाइप केलं, दुसऱ्याने दुसऱ्यावर, आणि नमुना जुळला नाही. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण हे दोन प्रकार एक करत नाही, म्हणून टीमने एकच कीबोर्ड ठरवून घ्यावा किंवा फाइल जमा करतानाच अदृश्य चिन्ह शोधणारी छोटी तपासणी बसवावी.

पण मराठीत एका वाक्यात सगळं कोंबण्याच्या मोहाला सगळ्यात मोठा अडसर लिंगाचा. दंड जमा झाला, वर्गणी जमा झाली, पुस्तक जमा झालं. कुकंबरच्या नमुन्यात तिरकी रेघ देऊन 'झाला/झाली/झालं' असे पर्याय लिहिता येतात, मग एकच स्टेप तिन्ही गिळते. 'वर्गणी जमा झाला' हेही ती निमूटपणे स्वीकारते, पण तो भाग सोडा. पहिल्या दोन वाक्यांत पैसे आलेत, तिसऱ्यात पुस्तक कपाटात परत गेलंय. पैशांची पावती निघते, पुस्तकाची नोंद सभासदाच्या खात्यावरून उतरते. मी तिथे तीन स्टेप्स लिहीन. दंड आणि वर्गणी यांच्या खाली 'रक्कम नोंदव' ही एकच पद्धत असेल आणि पुस्तकाच्या खाली 'परतावा नोंदव' ही वेगळी.